आखाजीला आली, मग थेट कानबाईला

२०२५च्या श्रावणातली गोष्ट. एक बाई पोरीला घेऊन आमच्या लॅबच्या काउंटरवर आली. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात सोनोग्राफीचं पाकीट. "ताई, पोरना पोटमा गाठी शेतस म्हने." पाकिटातल्या रिपोर्टवर शेवटी एकच ओळ होती, दोन्ही अंडाशयांत पीसीओडीसारखं चित्र. सोबतच्या चिठ्ठीवर दहा रक्ततपासण्या.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, शेवटची पाळी कधी आली? पोरगी एकोणीस वर्षांची, बीएस्सीला. ती नुसती आईकडे बघत राहिली. उत्तर आईनं दिलं. "आखाजीले उनी व्हती, मंग येकदम कानबाईले."

भिंतीवरचं कालनिर्णय उलटून पाहिलं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, ३० एप्रिलला होती. कानबाई या आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाचा रविवार ३ ऑगस्टला. मोजले तर ९५ दिवस. दहा तपासण्यांच्या त्या चिठ्ठीपेक्षा आईचं हे वाक्य डॉक्टरांच्या जास्त कामाचं होतं, आणि ते एकाही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

मी डॉक्टर नाही. डीएमएलटी, म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा, करून चौदा वर्षं अमळनेरकडे लॅबमध्ये काम करते. कोणाला कुठलं औषध द्यावं हे मी सांगणार नाही. पण पीसीओएसचं (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, आपल्याकडे ज्याला पीसीओडी म्हणतात) निदान कसं ठरतं आणि कुठे चुकतं, हे काउंटरच्या या बाजूनं फार दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पाळीच्या वयातल्या दर १०० बायकांमागे १० ते १३ जणींना हा त्रास असतो, आणि असलेल्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत बायकांना तो आहे हेच माहीत नसतं. माझा अनुभव असा की आपल्याकडे याच्या उलटही होतं. नसलेल्या कित्येकींना नुसत्या सोनोग्राफीवरून "तुला आहे" असं सांगून टाकलेलं असतं.

आधी त्या 'गाठीं'चं बघू, कारण भीती तिथेच आहे.

सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नसतातच. अंडाशयात दर महिन्याला बारीक बारीक पिशव्यांचा एक घोळका वाढायला लागतो. त्यातली एक पुढे जाते, फुटते, तिच्यातून बीज बाहेर पडतं आणि बाकीच्या विरून जातात. पीसीओएसमध्ये घोळका निघतो, पण पुढे कोणीच जात नाही. कपाशीला बोंडं धरली, भरायलाही लागली, पण एकही उमललं नाही, तसं काहीसं. अर्ध्यात थांबलेल्या त्या पिशव्या पडद्यावर काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. त्या कापून काढायच्या नसतात आणि त्यांचा कॅन्सरही होत नाही. 'पॉलिसिस्टिक' हे नावच मुळात फसवं आहे. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात बायकांमध्ये हा प्रकार पाहून लिहिला. त्यांना डोळ्यांना अंडाशय फुगलेले दिसले, म्हणून नावही अंडाशयालाच चिकटलं.

खरा घोटाळा हार्मोनचा आहे. बायकांच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन थोडं असतंच. इथे ते वाढतं. बहुतेकींमध्ये इन्शुलिनही नीट लागू पडत नाही, म्हणून शरीर ते जास्त तयार करतं. जास्तीचं इन्शुलिन अंडाशयाला आणखी टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. शिवाय रक्तात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एक प्रथिन असतं, ते यकृतातून कमी सुटतं, आणि मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा जोर आणखी वाढतो. कित्येक पोरींच्या मानेवर मागच्या बाजूनं काळपट, मखमलीसारखा पट्टा असतो. आई आंघोळीला बसवून तो घासते, बेसन लावते, "मळ बसलाय" म्हणते. तो मळ नाही. इन्शुलिन वाढल्याची ती त्वचेवर उमटलेली खूण असते, आणि ती फुकट दिसते.

आणखी एक. "पीसीओडी म्हणजे साधं, पीसीओएस म्हणजे मोठं" असं जे ऐकायला मिळतं, त्याला आधार नाही. निदानाच्या २०२३च्या आंतरराष्ट्रीय नियमांत पीसीओएस एवढं एकच नाव आहे. पीसीओडी हा आपल्याकडचा रुळलेला शब्द.

तीनपैकी दोन

या आजारासाठी "पॉझिटिव्ह" किंवा "निगेटिव्ह" असा शिक्का मारणारी एकही तपासणी नाही. लोकांना हे पटत नाही. डेंग्यूची होते, मलेरियाची होते, मग याची का नाही? कारण पीसीओएस हा एक जंतू नाही, खुणांचा एक संच आहे. २००३ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात तज्ज्ञ जमले आणि त्यांनी तीन खुणा ठरवल्या. पाळी अनियमित असणं ही पहिली. पुरुषी हार्मोन वाढल्याचं अंगावर किंवा रक्तात दिसणं ही दुसरी. आणि सोनोग्राफीत अंडाशयाचं ते ठिपक्याठिपक्यांचं चित्र ही तिसरी. तिन्हींपैकी कोणत्याही दोन असल्या, आणि तशीच लक्षणं देणारे दुसरे आजार नाहीत हे तपासून झालं, तरच पीसीओएस म्हणायचं. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही हाच पाया ठेवला. भर एवढीच घातली की मोठ्या बायकांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच (अंडाशयातल्या त्या बारीक पिशव्यांतून सुटणारं हार्मोन) ही रक्ततपासणी चालेल. दोन्ही करायची गरज नाही.

म्हणजे नुसती सोनोग्राफी ही तीनपैकी एक खूण झाली. एकीवर निदान होत नाही. पाळी वेळच्या वेळी येते, अंगावर जास्तीचे केस नाहीत, रक्त ठीक आहे, अशा कित्येक तरुण मुलींच्या अंडाशयात हे ठिपके सापडतात आणि त्यांना काहीही झालेलं नसतं.

उलट बाजूही आहे आणि ती कोणी सांगत नाही. पाळी अनियमित असेल आणि अंगावर पुरुषी केसांची वाढ स्पष्ट असेल, तर दोन खुणा तिथेच पूर्ण झाल्या. मग सोनोग्राफी निदानासाठी लागतच नाही. केस नसतील तर रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बघायचं. तेही ठीक निघालं तर सोनोग्राफी किंवा एएमएच. पायरीपायरीनं जायचं असतं. आपल्याकडे सुरुवातच शेवटच्या पायरीपासून होते, कारण सोनोग्राफीचा फोटो हातात पडतो आणि हातात काहीतरी पडलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

तारखा

पाळी मोजताना पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. बऱ्याच जणी डोकं धुतल्यापासून मोजतात आणि चार-पाच दिवस हरवतात. पाळी सुरू होऊन तीन वर्षं उलटून गेली असतील, तर २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांनंतर येणारी पाळी अनियमित धरतात. वर्षाला आठपेक्षा कमी येत असली तरी अनियमितच. पहिल्या वर्षात मागेपुढे होणं अगदी साहजिक आहे. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत ४५ दिवसांपर्यंत सूट. पण पहिलं वर्ष संपल्यावर एकदा जरी मध्ये ९० दिवसांहून जास्त गेले, तरी विचारायला जायचं. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आलीच नसेल तरी जायचं.

आता आपल्याकडची खास अडचण. कानबाईच्या आदल्या आठवड्यात मेडिकलवर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांना काय मागणी असते ते कोणत्याही फार्मासिस्टला विचारा. रोट, पूजा, सोवळं, घरात भाऊबंद जमलेले. घरातली सून किंवा मुलगी त्या दिवशी बाजूला बसायला नको असते. मग लग्नसराई, मग गणपती, मग नवरात्र. वर्षातून तीनदा-चारदा या गोळ्या घेतल्या की तारखा विसकटतात. हे बरं की वाईट यात मी पडत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की गोळी घेतली असेल तर ती कोणत्या महिन्यात घेतली, हे डॉक्टरांना सांगा. नाहीतर गोळीनं लांबलेली पाळी आजारानं लांबल्यासारखी दिसते.

पाळी यावी म्हणून दिलेल्या गोळ्यांचंही तसंच. महिनाभराच्या पाकिटातल्या (गर्भनिरोधक) गोळ्या घेतल्या की बरोबर तारखेला अंगावर जातं आणि घरच्यांना वाटतं, बरी झाली. ते गोळी थांबल्यावर येणारं रक्त असतं. त्यावरून अंडाशय काय करतो आहे ते कळत नाही. टेस्टोस्टेरॉनची तपासणीही या गोळ्या चालू असताना करून उपयोग नाही, आकडा खोटा कमी येतो. निदानासाठी तपासायचं असेल तर किमान तीन महिने गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, आणि लग्न झालेलं असेल तर तेवढ्या काळासाठी गर्भनिरोधनाची दुसरी सोय. हे डॉक्टरांना विचारूनच. गोळ्या चालू असताना हार्मोनचं रक्त द्यायला येणाऱ्या महिन्याला दोन-तीन तरी भेटतात.

जे लपवून आणलं जातं

दुसरी खूण केसांची, आणि तिथे सगळ्यात जास्त लपवाछपवी. ओठाच्या वर, हनुवटीवर, छातीच्या मध्ये, बेंबीखाली, पाठीवर, मांड्यांवर जाड काळे केस. डॉक्टर शरीरावरच्या नऊ जागा बघतात, प्रत्येक जागेला शून्य ते चार गुण देतात, आणि बेरीज साधारण चार ते सहा किंवा त्याहून जास्त झाली की केसांची वाढ जास्त मानतात. आता गंमत बघा. पोरगी डॉक्टरकडे जायचं म्हणून आदल्या दिवशी पार्लरला जाऊन थ्रेडिंग करून येते. डॉक्टर बघतात तर चेहरा स्वच्छ. कागदावर लिहिलं जातं, केस नाहीत. तीनपैकी एक खूण दोऱ्यानं उपटून टाकली! दर किती दिवसांनी थ्रेडिंग करावं लागतं, कुठे कुठे करता, एवढं तरी तोंडानं सांगा. सासू सोबत आत आली असेल तर "मला एकटीला दोन मिनिटं बोलायचं आहे" असं म्हणायला हरकत नाही. चांगले डॉक्टर स्वतःहून सासूला बाहेर बसवतात.

नुसते मुरूम किंवा नुसते डोक्यावरचे केस विरळ होणं ही कच्ची खूण आहे, तेवढ्यावरून ठरवता येत नाही. आणि केसांची वाढ काही महिन्यांत झपाट्यानं झाली, सोबत आवाजही घोगरा व्हायला लागला, तर वाट बघू नका. तिथे प्रश्न पीसीओएसपेक्षा वेगळा असू शकतो.

रक्त देण्याआधी

दुसरे आजार वगळायचे म्हणजे काय, ते चिठ्ठीवर दिसतं. पहिली तपासणी गरोदरपणाची, मग कोणाला राग येवो. नंतर टीएसएच, म्हणजे थायरॉईड. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन. १७-ओएच प्रोजेस्टेरॉन, ज्यातून मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात दोष कळतो. तोही हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो. हे रक्त सकाळी, आणि शक्यतो पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात द्यायचं असतं. आमच्यासारख्या लहान लॅबमधून नमुना बाहेर जातो, म्हणून रिपोर्टला दिवस लागतात. पाळी फारच लांबली असेल तर डॉक्टर एफएसएच, म्हणजे मेंदूकडून अंडाशयाला निरोप देणारं हार्मोन, तेही बघतात. ज्या तपासणीची निदानाला गरज नाही, पण जी चिठ्ठीवर सर्रास असते, ती म्हणजे उपाशीपोटी इन्शुलिन. एलएच हे तसंच दुसरं हार्मोन आणि एफएसएच यांचं गुणोत्तरही निदानाच्या तीन खुणांत कुठेच नाही. "हे कशासाठी?" असं नम्रपणे विचारायचा हक्क पैसे देणाऱ्याला आहे. लॅबवाली असून मी हे सांगते आहे, मालकांनी वाचू नये.

यात दोन गोष्टींनी रिपोर्ट बिघडताना मी पाहिले आहेत. एक बायोटिन. केस गळतात म्हणून बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेणाऱ्या मुली खूप आहेत. बायोटिन रक्तात असेल तर काही मशीन फसतात. टीएसएच खोटं कमी आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दाखवू शकतं. म्हणजे केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळीनंच केस गळण्याचं खोटं कारण कागदावर आणायचं! दुसरी, ॲसिडिटीची कॅप्सूल. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोलसोबत डोमपेरिडोन असतं आणि डोमपेरिडोननं प्रोलॅक्टिन वाढतं. सुईच्या भीतीनं, ताणानंही ते थोडं वाढतं. प्रोलॅक्टिन जरासं जास्त आलं तर घाबरायच्या आधी शांत बसून पुन्हा एकदा द्यावं. काय काय गोळ्या चालू आहेत त्यांच्या स्ट्रिप पिशवीत टाकून आणा, नावं पाठ करायची गरज नाही.

भरतीची पोरगी

धुळे-जळगावच्या रस्त्यांवर पहाटे पळणाऱ्या पोरी दिसतात ना, पोलीस भरतीच्या? त्यातली एक दोन वर्षांपूर्वी आली होती. पाळी पाच महिने नाही. सोनोग्राफीत ठिपके. कोणीतरी तिला पीसीओडी सांगून "वजन कमी कर, गोड बंद कर" म्हटलं होतं. तिचं वजन ४१ किलो. रोज पहाटे पळायची, दुपारी अर्धी भाकरी, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड. तिनं सल्ला मनावर घेऊन ती अर्धी भाकरीही सोडली होती.

शरीराला खर्चाच्या मानानं अन्न पुरत नसलं की मेंदूकडूनच अंडाशयाला निरोप जायचा थांबतो. अशा मुलींच्या अंडाशयातही ठिपके दिसू शकतात. चित्र सारखं, कारण उलटं, आणि उपायही उलटा. तिला जास्त जेवायची गरज होती. जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या डॉक्टरांनी आधी जेवणाचं आणि पळण्याचं विचारलं, मग हार्मोन बघितले, तेव्हा हे उलगडलं. वगळण्याच्या यादीत हे कारण आहे, पण त्यासाठी रक्ताआधी तोंडानं विचारावं लागतं. आणि वजन कमी असलेल्या बाईला पीसीओएस होत नाही असंही नाही. आपल्याकडे बारीक मुलींनाही होतो, त्यांची तक्रार "तू तर काडी आहेस" म्हणून उडवली जाते.

त्या एकोणीस वर्षांच्या पोरीकडे परत येऊ. पहिली पाळी कितव्या वर्षी, विचारलं तर तेरा. म्हणजे सहा वर्षं झाली. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी धरायचीच नाही, एएमएचही नाही, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. या वयात निरोगी मुलींचे अंडाशयही ठिपक्यांनी भरलेले असतात. त्यातून लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी लघवी भरून पोटावरूनच होते, त्यात ठिपके नीट मोजताही येत नाहीत. मोठ्या बाईतसुद्धा एका अंडाशयात २० किंवा जास्त ठिपके, नाहीतर आकार १० मिलिलिटर किंवा जास्त, असं माप आहे. अशा कोवळ्या वयात पाळी आणि पुरुषी हार्मोन या दोन्ही खुणा हव्यातच. एकच असली तर "शक्यता आहे, लक्ष ठेवू" एवढंच म्हणायचं आणि पुढे पुन्हा बघायचं. म्हणजे आई जो कागद छातीशी धरून आली होती, तो या पोरीच्या बाबतीत मोजायचाच नव्हता. ९५ दिवस मात्र मोजायचे होते.

आईची खरी काळजी वेगळी होती. "स्थळं येऊ लागलीत. नाव लागलं तर?" काहींना "लग्न झालं की आपोआप जाईल" असंही सांगतात. लग्नानं हार्मोन बदलत नाहीत. पीसीओएस असलेल्या पुष्कळ बायकांना मुलं होतात, काहींना बीज सुटण्यासाठी गोळ्यांची मदत लागते. निदान टाळून मात्र दोन गोष्टी वाढतात. महिनोन्‌महिने पाळी न आल्यानं गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, आणि साखर न कळता वर सरकते.

साखरेवरून एक. पीसीओएस ठरलं की वजन कितीही असो, ग्लुकोज पिऊन करायची तपासणी सांगतात. उपाशीपोटी एकदा रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी, दोन तासांनी पुन्हा. दोन तास बाकावर बसायचा कंटाळा म्हणून लोक तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी करून घ्या म्हणतात. रक्त कमी असेल तर तो आकडा फिरतो, आणि नंदुरबारकडे, सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्या घरांमध्ये तर त्यावर विसंबताच येत नाही. दोन तास बसा. सोबत कोणीतरी आणा, गप्पा होतात.

त्या दिवशी मी दहापैकी एकाही तपासणीचं रक्त काढलं नाही. आधी तारखा आणि थ्रेडिंगचं डॉक्टरांना सांगून या, मग ते म्हणतील ते काढू, असं म्हणून परत पाठवलं. दोन दिवसांनी पोरगी नवी चिठ्ठी घेऊन आली, चार तपासण्यांची. निदान काय झालं ते मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

नोव्हेंबरात ती पुन्हा आली तेव्हा मोबाईलवर घरच्या कालनिर्णयाचे फोटो होते. २१ सप्टेंबरला लाल पेनानं टिंब, १२ नोव्हेंबरला दुसरं. आधीच्या पानावर ३ ऑगस्टला कानबाईच्या चित्राशेजारी आईच्या अक्षरात छोटी फुली. आणि सप्टेंबरच्या पानावर टिंबाच्या खालच्या चौकोनात, त्याच पेनानं, "सिलिंडर लावला".